इटली, स्पेन, पोर्तुगालच्या सहलीत या चुका टाळा

फ्लोरेन्समध्ये दुपारचे सव्वातीन वाजले होते. उफिझी संग्रहालय पाहून आम्ही बाहेर पडलो तेव्हा आईचे हात थरथरायला लागले होते. तिला मधुमेह आहे, आणि जेवणाची वेळ टळून गेली होती. नात्यातल्या एका काकांनी ज्या रेस्टॉरंटचं तोंड भरून कौतुक केलं होतं तिथे धावत पोचलो, तर आतला माणूस खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवून फरशी पुसत होता. त्याने घड्याळाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. पुढच्या दोन ठिकाणीही तेच. शेवटी कोपऱ्यावरच्या कॅफेत संत्र्याचा रस आणि एक गोड पाव मिळाला, त्यावर तिला तरतरी आली.

निघण्याआधी आम्ही सहा-सात कुटुंबांना त्यांचे अनुभव विचारले होते. काय पाहिलंत, कुठे उतरलात, कुठे जेवलात, सगळं वहीत लिहून घेतलं होतं. किती वाजता जेवलात, हे मात्र एकालाही विचारलं नव्हतं. त्यानंतर आणखी दोनदा त्या बाजूला जाणं झालं. माझं मत आता पक्कं झालंय की दक्षिण युरोपात आपल्या लोकांचे जे हाल होतात, त्यातले बहुतेक वेळ चुकल्यामुळे होतात. पैसे कमी पडले किंवा भाषा आली नाही म्हणून होणारे हाल त्या मानाने थोडे.

चूक पहिली: भूक लागेल तेव्हा जेवू

आपल्याकडे हॉटेल सकाळी उघडतं आणि रात्री बंद होतं. मधे कधीही जा, मिसळ मिळते. इटलीत बहुतेक ठिकाणी दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते अडीच, आणि रात्रीचं साडेसात-आठनंतर. मधल्या काळात चूलच बंद असते. स्पेनमध्ये हेच गणित आणखी पुढे सरकतं. दुपारचं जेवण दोननंतर, रात्रीचं नऊच्या आसपास. संध्याकाळी सात वाजता सेव्हियामध्ये जेवायला गेलात तर रिकामं दालन दिसेल, नाहीतर फक्त पर्यटकांसाठी चालवलेलं, चित्रांचा मेनू लावलेलं एखादं ठिकाण.

उपाय सोपा आहे. मुख्य जेवण दुपारीच करा. स्पेनमध्ये कामाच्या दिवशी दुपारी 'मेनू देल दिया' मिळतो. दोन पदार्थ, पाव, गोड काहीतरी किंवा कॉफी, बऱ्याचदा पेयासकट, सगळं एका ठरलेल्या किमतीत. त्याच पैशांत रात्री एवढं जेवण मिळत नाही. इटलीत वेळ टळलीच तर 'फोर्नो' म्हणजे बेकरी शोधा, किंवा 'पिझ्झा आल तालिओ'. मोठ्या चौकोनी ताटातला पिझ्झा वजनावर कापून देतात. हाताने दाखवायचं, एवढा. असली दुकानं दुपारीही उघडी सापडतात. बरोबर लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर सकाळीच सुपरमार्केटमधून फळं आणि दही घेऊन ठेवा. ऑगस्टमध्ये जाणार असाल तर 15 ऑगस्ट लक्षात ठेवा. इटलीत तो 'फेर्रागोस्तो'चा सण. त्या आठवड्यात शहरांतली घरगुती रेस्टॉरंटं कुलूप लावून समुद्राकडे जातात.

चूक दुसरी: दुसऱ्याच्या जुन्या अनुभवावर बेत आखणं

"आम्ही रोमचं पॅन्थिऑन फुकट पाहिलं" असं कोणी सांगितलं तर ते खरंच असेल, पण ते 2023 च्या आधीचं. तेव्हापासून तिथे तिकीट आहे. "रोमच्याच स्पॅनिश स्टेप्सवर तासभर बसून जेलातो, म्हणजे तिथलं आइस्क्रीम, खाल्लं" हेही जुनं. 2019 पासून त्या पायऱ्यांवर बसायला मनाई आहे आणि दंड होतो. व्हेनिसला दिवसापुरतं जाणाऱ्यांसाठी 2024 पासून वर्षातल्या ठरावीक दिवशी प्रवेश शुल्क सुरू झालं. तिथे रात्रीचा मुक्काम असेल तर शुल्क नाही, पण सवलतीची नोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते. म्हणून अनुभव विचारताना पहिला प्रश्न हाच विचारा: कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात गेला होतात?

तिकिटांची सगळ्यात मोठी फजिती नावावरून होते, आणि ती खास आपल्याकडची आहे. रोमच्या कोलोसियमचं तिकीट आता नावावर असतं आणि दारात पासपोर्टशी ताडून पाहतात. स्पेनमधल्या ग्रानादाच्या अलहाम्ब्रा किल्ल्यालाही पासपोर्ट लागतो. आपल्या घरात एका बाईची दोन नावं असू शकतात. पासपोर्टवर माहेरचं, रोजच्या वापरात सासरचं. कुणाच्या पासपोर्टवर मधे वडिलांचं नाव, कुणाच्या नाही. आमच्या गटातल्या एका वहिनींचं तिकीट त्यांच्या मुलाने प्रेमाने सासरच्या नावाने काढलं होतं. बोट लग्नाच्या दाखल्याच्या मोबाइलवरच्या फोटोवर, नजर दारावरच्या माणसाच्या चेहऱ्यावर, अशा वीस मिनिटांनी त्यांना आत सोडलं. सगळ्यांनाच सोडतील असं नाही. पासपोर्ट समोर ठेवून अक्षरन् अक्षर तसंच टाका.

कोलोसियमची तिकिटं साधारण तीस दिवस आधी अधिकृत साइटवर खुली होतात आणि गर्दीच्या महिन्यांत पटापट संपतात. तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. अलहाम्ब्रात बाग आणि किल्ला सवडीने पाहता येतो, पण नासरी महालांची वेळ तिकिटावर छापलेली असते. ती चुकली की महाल गेला. परिसर मोठा आहे, फाटकापासून महालापर्यंत चालायलाच बराच वेळ लागतो, म्हणून दिलेल्या वेळेच्या तासभर आधी फाटकात हजर राहा. बार्सिलोनाचं साग्रादा फामिलिया चर्च, मिलानमधलं लिओनार्दोचं 'शेवटचं भोजन', अथेन्सचं अक्रोपोलिस, सगळीकडे वेळेचे स्लॉट आहेत. त्या भित्तिचित्रासमोर तर जेमतेम पंधरा मिनिटं उभं राहू देतात, आणि त्यासाठी बुकिंग बरंच आधी करावं लागतं.

सुट्टीचे वारही पाहून घ्या. उफिझी सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, फक्त महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. त्या दिवशी प्रवेश फुकट, त्यामुळे रांग भिंतीला वळसा घालून जाते. इटलीतली सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात. घरातली वयस्कर मंडळी बरोबर असतील तर हे फुकटाचे दिवस टाळाच. गुडघे दुखवून वाचवलेले पैसे औषधावर जातात. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पंजाबी ड्रेस किंवा साडी नेसलेल्या बायकांना काहीच अडचण येत नाही, अडतात ते हाफ पँट घातलेले पुरुष.

चूक तिसरी: "व्हेज" म्हटलं की झालं

याविषयी मी जरा लांबण लावणार आहे, कारण उपास घडतो तो इथेच, आणि मन दुखतं तेही इथेच.

स्पेनमध्ये "मांस नको" म्हणून सांगितलं तरी ताटात हॅमचे तुकडे किंवा ट्यूना मासा येऊ शकतो. वाढणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. बोलीभाषेत त्यांच्याकडे 'कार्ने' म्हणजे मोठा मांसाचा तुकडा, हॅम त्यात धरतातच असं नाही. 'सँडविच वेखेताल' या नावावर विश्वास ठेवू नका, त्यात बऱ्याचदा ट्यूना आणि अंडं असतं. 'एन्सालादा मिक्स्ता' या कोशिंबिरीतही ट्यूना. मसुराच्या आमटीत चोरिसो नावाचं सॉसेज. पोर्तुगालमधलं 'काल्दु व्हेर्द' दिसायला पालेभाजीचं सूप, पण वर सॉसेजची चकती. म्हणून नावं घेऊन सांगा: सिन कार्ने, सिन खामोन, सिन आतून. मांस, हॅम, ट्यूना, तिन्ही नको. इटलीत: सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे. अंडं चालत नसेल तर सेन्झा उओवा. ही वाक्यं मोबाइलमध्ये त्या त्या भाषेत लिहून वेटरला वाचायला द्या. आपल्या उच्चारापेक्षा ते भरवशाचं.

एक गंमतीचा पण उपयोगी फरक. आपल्याकडे पिझ्झावरचा 'पेपरोनी' म्हणजे सॉसेज. इटलीत 'पेपेरोनी' म्हणजे ढोबळी मिरची. मेनूवर तो शब्द पाहून आमच्या गटातल्या दोघांनी हात मागे घेतला होता, आणि तोच पिझ्झा त्यांच्या कामाचा होता. तिखट सॉसेज हवं असणाऱ्यांनी 'सालामे पिक्कान्ते' शोधावं. 'आच्चुगे' किंवा 'आलीची' हे शब्द दिसले की ती माशाची छोटी फोड. 'मारिनारा' नाव समुद्रावरून असलं तरी त्या पिझ्झात मासा नसतो. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, आणि चीजही नाही.

चीजविषयी स्पष्ट सांगायला हवं. पार्मिजानो रेज्जानो बनवताना वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, वापरतात. पेकोरिनो रोमानोत कोकराचं. कडक शाकाहारी किंवा जैन मंडळी बरोबर असतील तर ही गोष्ट त्यांना निघण्याआधी सांगा, तिथे ताटावर बसल्यावर नको. निर्णय त्यांचा. ज्यांना चालत नाही त्यांनी "सेन्झा फोर्माज्जो" म्हणावं. पास्ता आल्यो ए ओल्यो, म्हणजे लसूण, ऑलिव्ह तेल आणि मिरचीचा, जवळजवळ सगळीकडे करून देतात.

घरून खाणं नेताना एक नियम पाळा. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप यात आलं. हापूसही प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही, मे महिन्यात कितीही मोह झाला तरी. चिवडा, तेलातली चटणी, मेतकूट, भाजलेला रवा, हे न्या.

चूक चौथी: खोलीचे फोटो पाहून मुक्काम ठरवणं

फोटोत जिना दिसत नाही. रोम, नेपल्स, लिस्बनच्या जुन्या भागातल्या कितीतरी इमारतींना लिफ्ट नाही. बुकिंग करण्याआधी मालकाला दोनच प्रश्न विचारा: कितवा मजला, आणि लिफ्ट आहे का. बार्सिलोनात मजल्याचा आकडाही फसवतो. जुन्या इमारतींत तळमजल्याच्या वर आधी 'एन्त्रेसुएलो', मग 'प्रिन्सिपाल', आणि त्यानंतर 'पहिला' मजला. आपल्या हिशेबाने तो तिसरा. व्हेनिसमध्ये पायऱ्यांचे पूल मोजा. नकाशावर चारशे मीटर दिसणाऱ्या अंतरात तीन-चार पूल असतील, तर मोठी चाकांची बॅग प्रत्येक पुलावर उचलून न्यावी लागते. वॉटरबसच्या थांब्याजवळ उतरायला दोन पैसे जास्त पडले तरी द्या.

स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घेतला की आपल्याकडच्यांना हायसं वाटतं, आम्हालाही वाटलं. रोममध्ये पहिल्याच संध्याकाळी इंडक्शनवर भात ठेवला, कपडे मशीनमध्ये टाकले, उकाडा म्हणून एसी लावला, आणि सगळं घर अंधारात. इटलीतल्या घरगुती वीजजोडणीची मर्यादा साधारणपणे तीन किलोवॉट असते. तीन मोठी उपकरणं एकदम चालली की स्विच पडतो. घरातल्या बोर्डवर तो सापडला नाही तर मुख्य स्विच तळमजल्यावर मीटरजवळ असतो. आम्ही टॉर्च घेऊन चार जिने उतरलो, जिन्याखालच्या लोखंडी कपाटात तीस मीटर ओळीने. आपला कोणता, ते फ्लॅटच्या नंबरावरून शोधलं, खटका वर केला, आणि वरून मुलांचा ओरडा ऐकू आला. फ्लॅटमध्ये शिरताच मालकाला मीटर कुठे आहे ते विचारून ठेवा, आणि मशीन, एसी, शेगडी यांतलं एका वेळी एकच मोठं चालवा.

पर्यटक करही धरून चला. बऱ्याच शहरांत माणशी, दर रात्रीचा वेगळा कर असतो आणि तो बुकिंगच्या रकमेत नसतो. बऱ्याच ठिकाणी रोखच मागतात. एटीएममधून युरो काढताना किंवा कार्ड देताना यंत्राने "रुपयांत भरायचं?" असं विचारलं तर नाही म्हणा, युरोच निवडा. रुपयांचा त्यांचा दर आपल्याला महाग पडतो.

आणि ट्रेन. इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट हातात असणं पुरेसं नाही. फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. मोबाइलवर काढलेल्या प्रादेशिक तिकिटाला निघण्याआधी चेक-इन. विसरलात तर तिकीट असूनही दंड.

चूक पाचवी: बिल पाहून भांडणं

इटलीत बिलावर 'कोपेर्तो' दिसेल, माणशी एक-दोन युरो. टेबल मांडल्याचे ते पैसे असतात आणि मेनूवर आधीच छापलेले असतात. त्यावरून वाद घालू नका, आणि वर टिप द्यायलाच हवी असंही नाही. कॉफी उभ्याने काउंटरवर प्या. बसून घेतली तर पर्यटकांच्या चौकांत किंमत सहज दुप्पट होते. रोममध्ये पाणी विकत घेऊ नका. रस्त्यांवर 'नाझोने' नावाचे लोखंडी नळ अखंड वाहत असतात, पाणी गार आणि पिण्यालायक. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून धार उडते आणि वाकावं लागत नाही. आईला हे जमल्यावर ती प्रत्येक नळापाशी थांबायची.

पोर्तुगालमधली रीत निराळी. टेबलावर बसताच न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नसतं, आणि सक्तीचंही नसतं. ज्याला हात लावाल त्याचेच पैसे. नको असेल ते लगेच परत पाठवा, कोणी रागावत नाही. लिस्बनच्या आल्फामा भागात आमच्यासमोर असंच ताट आलं. आईने मेनू उघडला, बोट फिरवत फिरवत 'बताता' वाचलं, मग टोपलीकडे पाहून वेटरला विचारलं, "पाव?" तो म्हणाला, "पाँव." तिने ऑलिव्ह आणि चीज त्याच्या हातात परत दिलं आणि टोपली स्वतःकडे ओढली. बिलावर फक्त पावाचे पैसे होते.