जुन्या स्नोमोबाईलचे इग्निशन टायमिंग अ‍ॅडव्हान्स करताना

मिनेसोटा, विस्कॉन्सिन किंवा ओंटारियोतल्या गॅरेजांमध्ये टू-स्ट्रोक स्नोमोबाईलची ताकद वाढवण्याचे जे उद्योग हिवाळाभर चालतात, त्यांत टायमिंग अ‍ॅडव्हान्स करणे, म्हणजे ठिणगी मूळ वेळेपेक्षा थोडी आधी पाडणे, हा सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत बेपर्वाईने केला जाणारा उद्योग आहे. विकत काही आणावे लागत नाही. स्टेटरची (ठिणगीसाठी वीज निर्माण करणाऱ्या स्थिर गुंडाळ्यांची) प्लेट किंचित फिरवली की झाले, असे वाटते. प्रत्यक्षात पाना चालवण्याचे काम अर्ध्या तासाचे आणि मोजमापाचे काम एका सबंध संध्याकाळचे आहे. पुढील माहिती मॅग्नेटो (चुंबकावर चालणारा वीजनिर्माता), सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक संच) आणि कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या दोन सिलिंडरच्या इंजिनांपुरती आहे. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) असलेल्या नव्या यंत्रांत ठिणगीची वेळ सॉफ्टवेअर ठरवते आणि नॉक सेन्सर असल्यास नॉकिंग (मिश्रण अवेळी आपोआप पेटणे) सुरू होताच तो ती मागे घेतो, त्यामुळे तेथे प्लेटशी झटापट करण्यात अर्थ नाही. शिवाय 2006 च्या मॉडेलपासून अमेरिकेत स्नोमोबाईलना उत्सर्जनाचे नियम लागू आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याआधी का पाडायची, हे एकदा नीट समजले की पुढच्या चुका टळतात. मिश्रण पेटून दाब पूर्ण वाढायला वेळ लागतो, आणि तो कमाल दाब पिस्टन टीडीसी (त्याचा सर्वोच्च बिंदू) ओलांडून क्रँकच्या हिशेबात साधारण 10 ते 15 अंश खाली आल्यावर मिळावा लागतो. मिनिटाला 8000 फेऱ्यांवर एक अंश म्हणजे सेकंदाचा 48,000 वा भाग. ठिणगी गरजेपेक्षा आधी पडली, तर पिस्टन वर चढत असतानाच दाब त्याला खाली ढकलू लागतो आणि उरलेले मिश्रण आपोआप पेटून डिटोनेशन होते. चारचाकीत ही खडखड ऐकू येते. स्नोमोबाईलवर हेल्मेट, ट्रॅक आणि सायलेन्सरच्या आवाजात ती ऐकू येत नाही.

टू-स्ट्रोकमध्ये आणखी एक गोष्ट घडते. टायमिंग अ‍ॅडव्हान्स केले की जास्त उष्णता पिस्टनच्या माथ्यात आणि हेडमध्ये जाते, तर एक्झॉस्ट पाइप तुलनेने थंड राहतो. थंड पाइपमध्ये दाबाच्या लहरी सावकाश जातात, म्हणून कमाल ताकद थोड्या कमी फेऱ्यांवर मिळू लागते. थ्रॉटलला प्रतिसाद चांगला येतो, मधल्या फेऱ्यांत ओढ वाढते, पण वरच्या टोकाला इंजिन लवकर दमते. याच कारणाने अनेक सीडीआय उच्च फेऱ्यांवर टायमिंग मुद्दाम मागे घेतात. यातूनच एक सापळा तयार होतो: एक्झॉस्टचे तापमान दाखवणारा काटा अ‍ॅडव्हान्सनंतर खाली येतो, चालक समजतो की मिश्रणात इंधन जास्त झाले, तो लहान जेट (इंधन सोडणारे भोक) बसवतो, आणि आधीच तापलेला पिस्टन जाम होतो. टायमिंग बदलल्यावर त्या काट्यावरचे जुने आकडे विसरून जावेत.

म्हणून आधी मोजमाप. पहिला प्रश्न असा की सध्याचे टायमिंग खरोखर किती आहे. वर्षानुवर्षे वापरलेल्या इंजिनात ते मॅन्युअलप्रमाणे असेलच असे नाही. दोन्ही प्लग काढावेत, त्यांच्या कॅप अर्थ कराव्यात, रिकॉइल स्टार्टर (दोरीने ओढायचा) उतरवावा आणि प्लगच्या भोकात पिस्टनची खोली मोजणारा डायल गेज बसवावा. टीडीसीजवळ पिस्टन क्षणभर जागीच थांबल्यासारखा वाटतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी सर्वोच्च बिंदू ठरवू नये. क्रँक दोन्ही बाजूंनी फिरवून गेजवर समान आकडा येणाऱ्या दोन जागा फ्लायव्हीलवर खुणा कराव्यात आणि त्यांचा मध्य धरावा. प्लगचे भोक तिरपे असेल तर गेजचा मिलिमीटरचा आकडा फसवतो, तेव्हा डिग्री व्हील (क्रँकवर बसवायची अंशांची चकती) वापरणे बरे. ज्यांनी राजदूत मोटारसायकलच्या पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून टायमिंग लावले आहे, त्यांना या कामातला सबुरीचा भाग सांगायला नकोच.

मिलिमीटर आणि अंश यांचा मेळ उदाहरणाने पाहू. स्ट्रोक 64 मिमी आणि कनेक्टिंग रॉड 120 मिमी असेल, तर टीडीसीपूर्वी 18 अंशांवर पिस्टन 1.97 मिमी खाली असतो आणि 20 अंशांवर 2.43 मिमी. दोन अंशांचा फरक म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. फ्लायव्हीलच्या परिघाला 360 ने भागले की कडेवरचा एक अंश मिळतो. 115 मिमी व्यासाला तो जवळजवळ बरोबर एक मिलिमीटर येतो.

हेच मोजमाप दुसऱ्या सिलिंडरवरही करावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात. दाबून जोडलेला क्रँक उभ्या जागेवरून जोरात सुटल्यामुळे कधी कधी अंशभर पिळला जातो, आणि मग एका सिलिंडरला ठिणगी दुसऱ्यापेक्षा आधी मिळते. जो सिलिंडर पुढे असेल त्याच्यावरून मर्यादा ठरवावी. फरक एका अंशाहून जास्त निघाला तर टायमिंगचा विचार सोडून क्रँक दुरुस्तीला काढावा.

आता प्रत्यक्ष बदल. प्लेटला लांबट खाचा असतील तर प्रथम प्लेट आणि केसिंग यांवर सुईने एक सलग रेघ ओढावी, म्हणजे मूळ जागा कधीही सापडेल. प्लेट क्रँकच्या फिरण्याच्या उलट दिशेने सरकवली की टायमिंग अ‍ॅडव्हान्स होते. काही इंजिनांत त्याऐवजी ऑफसेट चावी (फ्लायव्हील क्रँकवर किंचित सरकवून बसवणारी खिट्टी) वापरतात. तेथे फ्लायव्हील क्रँकवर फिरण्याच्याच दिशेने पुढे बसते. फ्लायव्हील पुलरनेच काढावे, हातोडीने नव्हे. बसवण्यापूर्वी टेपर (क्रँक आणि फ्लायव्हील यांचा निमुळता जोड) दोन्हीकडून तेलविरहित, कोरडा करावा, कारण भार टेपर पेलतो, चावी फक्त जागा ठरवते. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच आवळावा.

एका वेळी एकच अंश पुढे जावे आणि मूळ आकड्यापेक्षा दोन अंशांवर थांबावे. माझ्या मते तिसऱ्या अंशात ताकद मिळण्यापेक्षा सुरक्षिततेची शिल्लकच जास्त खर्च होते.

बदलानंतर टायमिंग लाइटने, मॅन्युअलने सांगितलेल्या फेऱ्यांवरच तपासणी करावी. आयडलवरचा आकडा येथे निरुपयोगी आहे. यासाठी मागची बाजू भक्कम स्टँडवर उचलावी, क्लचचे कव्हर जागेवर असावे, ट्रॅकच्या मागे कोणीही उभे राहू नये आणि गॅरेजचे दार उघडे असावे. बेल्ट काढून इंजिन चालवण्याचा मोह टाळावा, कारण भार नसलेले इंजिन क्षणात मर्यादेपलीकडे फिरते.

इंधन किमान 91 ऑक्टेनचे घ्यावे. भारतातून आलेल्यांची येथे गल्लत होते: आपल्याकडच्या साध्या पेट्रोलचा वर्षानुवर्षे ओळखीचा 91 हा आकडा आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) पद्धतीचा होता, अमेरिकन पंपावरचा 91 वेगळ्या पद्धतीचा, म्हणजे आपल्या हिशेबात साधारण 95 ते 96. मेन जेट एक नंबर मोठा बसवावा. शून्य अंश सेल्सिअसपेक्षा उणे 30 ला हवा सुमारे 12 टक्के घट्ट असते. डिसेंबरच्या सौम्य दुपारी ठीक वाटलेले मिश्रण जानेवारीच्या पहाटे धोकादायक रीतीने पातळ (हवा जास्त, इंधन कमी) होते.

चाचणी गोठलेल्या तळ्यावर, पूर्ण थ्रॉटलला काही सेकंद, मग लगेच किल स्विच, आणि प्लग बाहेर. पोर्सेलीनवर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चकाकणारे बारीक कण दिसले तर डिटोनेशन सुरू झाले आहे. त्याच दिवशी प्लेट मागे घ्यावी. माझ्या जुन्या यंत्रात मी ते कण काजळी समजून पुसले होते. पुढे हेड उघडले तेव्हा पिस्टनची एक्झॉस्टकडची कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती. प्लग स्वच्छ आणि टॅकोमीटरवरचा आकडा मात्र नव्या कमाल ताकदीच्या पुढे जात असेल, तर क्लचमध्ये थोडी जड वजने टाकून फेऱ्या खाली आणाव्यात. हे न केल्यास मिळालेला फायदा बेल्टपर्यंत पोहोचतच नाही.

कोलोरॅडोसारख्या ठिकाणी 3000 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 70 टक्केच असतो, आणि तेथे इंजिन जास्त अ‍ॅडव्हान्स सहन करते. मात्र तेच यंत्र ट्रेलरवर घालून सखल भागात आणल्यावर पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वीच प्लेट सुईच्या रेघेवर परत आणावी. अंश, जेटचा नंबर आणि त्या दिवसाचे तापमान हुडच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलेले असले, म्हणजे मार्चमध्ये केलेला बदल डिसेंबरमध्ये आठवावा लागत नाही.