पिन मेली की वायर सुटली?

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डाला जोडलेला एलईडी लागत नाही, बटण दाबलं तरी प्रोग्रामला पत्ता नाही. मग आपण ‘पिन उडाली’ म्हणून मोकळे होतो. बहुतेक वेळा हे चोर सोडून संन्याशाला फाशी असतं.

आधी नंबर तपासा. ४० पिनांच्या पट्टीवर एकाच पिनेला दोन नंबर असतात: एक पट्टीवरच्या जागेचा, दुसरा जीपीआयओचा, म्हणजे प्रोग्राममधून चालवता येणाऱ्या इनपुट-आउटपुट पिनेचा. जीपीआयओ १७ म्हणजे जागेप्रमाणे अकरावी पिन. सतराव्या जागेवर मात्र थेट ३.३ व्होल्ट येतात, त्यामुळे तिथे लावलेला एलईडी प्रोग्राम काहीही म्हणो, पेटलेलाच राहणार. टर्मिनलमध्ये ‘पिनआउट’ टाइप केलं की पट्टीचा नकाशाच समोर येतो.

नंबर बरोबर असेल तर बोर्ड बंद करून पट्टीवरचं सगळं काढा. सेन्सर, रिले, सगळं. जम्पर वायरी मल्टिमीटरच्या बीपवर, जरा हलवत तपासा. लांब ब्रेडबोर्डच्या (वायरी खुपसून सर्किट जोडायच्या भोकांच्या पाटीच्या) कडेची पॉवरची पट्टी कधीकधी मधोमध तुटक असते. वरून ते कळतही नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली आहे.

आता बोर्ड चालू करा. मीटर २० व्होल्ट डीसीवर, काळी प्रोब (मीटरची टोकदार वायर) सहाव्या पिनेला (ग्राउंड), लाल पहिलीला. आकडा ३.३ च्या आसपास हवा. इथेच कमी भरला तर दुखणं पॉवरचं आहे, पिनेचं नाही. प्रोब सांभाळून धरा. पहिलीच्या शेजारी दुसऱ्या पिनेवर ५ व्होल्ट आहेत. दोन्हींना एकदम टेकली तर बोर्डाचा निकालच लागायचा.

मग संशयित पिनेची पाळी. लाल प्रोब आता तिच्यावर, काळी तिथेच. पिना वापरणारे प्रोग्राम बंद करा. नव्या ओएसमध्ये ‘पिनसीटीआरएल’ कमांड आहे (टाइप अर्थात इंग्रजी छोट्या अक्षरांत). ‘पिनसीटीआरएल सेट १७ ओपी डीएच’ (१७ हा जीपीआयओचा नंबर, ‘ओपी’ आउटपुट, ‘डीएच’ हाय) दिल्यावर मीटरने साधारण ३.३ दाखवायला हवं, ‘डीएच’च्या जागी ‘डीएल’ दिल्यावर शून्य. दोन्हीला तोच आकडा येत असेल किंवा मीटर मध्येच दीड व्होल्टावर अडकत असेल, तर पिन गेली असं खुशाल समजा.

इनपुट बाजू वेगळी तपासा. ‘सेट १७ आयपी पीयू’ (‘पीयू’ म्हणजे पुलअप, पिनेला आतून ३.३ कडे ओढणं; ‘पीडी’ म्हणजे पुलडाउन, शून्याकडे ओढणं) देऊन ‘गेट १७’ केलं की ‘एचआय’ दिसायला हवं, ‘पीडी’ दिल्यावर ‘एलओ’. जीपीआयओ २ आणि ३ मात्र इथे फसवतात. त्यांना बोर्डावरच १.८ किलोओहमच्या रेझिस्टरने ३.३ व्होल्टांना बांधलेलं असतं. आतला पुलडाउन त्यापुढे फारच दुबळा, म्हणून त्या कायम ‘एचआय’च दाखवतात. त्या धडधाकट असतात, उगाच मारू नका.

आणि तुमचा बोर्ड रास्पबेरी पाय ५ असेल नि प्रोग्राम जुन्या ‘आरपीआय डॉट जीपीआयओ’ लायब्ररीवर असेल, तर पिनांना बोल लावू नका. त्या मॉडेलवर ती लायब्ररी चालतच नाही. ‘जीपीआयओझीरो’ वापरा.

पिन खरंच मेली असेल, तर कशाने ते शोधल्याशिवाय वायर दुसरीकडे हलवू नका, नाहीतर तीही जाईल. या पिनांना ३.३ व्होल्टांपलीकडे सोसत नाही. गच्चीवरच्या टाकीची पातळी मोजायला मी एचसी-एसआर०४ हा आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा सेन्सर लावला आणि त्याची एको (सिग्नल बाहेर देणारी) वायर सरळ जीपीआयओ २४ ला खुपसली. एकोवर ५ व्होल्ट येतात. पिनेने काही दिवस तग धरला, मग ती कायमची ‘एचआय’. आता मध्ये दोन रेझिस्टर आहेत: एको ते पिन १ किलोओहम, पिन ते ग्राउंड २ किलोओहम. ५ चे ३.३ होतात.

चिपच्या आत जळलेलं घरी दुरुस्त होत नाही. बाकीच्या पिना मात्र नीट चालू शकतात. वरच्याच रीतीने एकेक तपासून घ्या. प्रोग्राममधला नंबर बदला आणि मेलेल्या पिनेशेजारी नेलपॉलिशचा ठिपका द्या. माझ्या बोर्डावर असा एक लाल ठिपका आहे.