जाळरेषेवर पळायला शिकताना

पहिलं वर्षभर मी फक्त सोलापुरातल्या होटगी रस्त्याच्या डांबरावर पळालो. सपाट रस्ता, ठरलेला वेग. चढाची ओळख झाली ती तुळजापूरकडे, जिथे बालाघाटचे डोंगर सुरू होतात. कोजागरीला पायी तुळजापूर गाठलेल्या सोलापूरकराला वेगळं सांगायला नको: ४५ किलोमीटरांत पायांची खरी परीक्षा शेवटच्या घाटातच होते.

त्या डोंगरांत पायवाट आणि जाळरेषा यांतला फरक आधी समजून घ्या. वणवा पुढे सरकू नये म्हणून वनखातं उन्हाळ्याआधी गवत काढून किंवा जाळून मोकळा पट्टा ठेवतं, ती जाळरेषा. पायवाट माणसांनी आणि गुरांनी पाडलेली असते, म्हणून ती वळणं घेत चढते. जाळरेषा बऱ्याचदा हद्दीला धरून सरळ वर जाते. त्यामुळे चढ अंगावर येतो आणि पायाखाली सुटा मुरूम असतो. मी पहिल्याच दिवशी तिथे शहरातल्या वेगाने पळत सुटलो आणि अर्ध्या चढावर पोटऱ्यांत गोळे आले.

तेव्हापासून चढ चालतच चढतो. पावलं लहान टाकायची आणि सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच दम लागू द्यायचा. दोन महिने हे केलं, मग एकेक तुकडा पळता यायला लागला. नवीन माणसाला मी हेच कळकळीने सांगतो, कारण बरेच जण पहिल्या रविवारीच दमून हा नाद सोडतात.

उतार जास्त त्रास देतो. गुडघे किंचित वाकलेले, नजर चार-पाच पावलं पुढे, टाच आपटायची नाही. बूट बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा राहील असेच घ्या. माझी दोन नखं काळी पडली ती घट्ट बुटांमुळे. कुसळं मोज्यांत घुसून हैराण करतात. त्यावर जुन्या मोज्यांचे वरचे भाग कापून ते बुटांच्या तोंडावर चढवतो.

इथे हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. उजाडता निघायचं, ऊन तापायच्या आत परत. माणशी दोन लिटर पाणी, लिंबू-मीठ-साखर, आणि कडक भाकरी. ती दप्तरात चुरली तरी खाता येते. शेंगाचटणीने तहान वाढते, म्हणून चटणी परतल्यावरच खायची. पाऊस झाला की काळ्या रानात जाऊ नका, बुटाला शेरभर चिखल चिकटतो. उन्हाळ्यात गवत वाळलेलं असताना काडीपेटीही जवळ नको.

सोलापूरजवळच्या नान्नजचं माळरान सपाट आणि मोकळं दिसतं, पण ते १९७९ पासून माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे. गवतात जमिनीवरच अंडी घालणारे पक्षी तिथे आहेत, लांडगेही आहेत. तिथे परवानगी काढून, ठरलेल्या वाटेनेच, बघायला जा. पळायला नको.

आणि मेंढरांची कुत्री. एकदा तीन कुत्री अंगावर आली तेव्हा मी वाकून दगड उचलायला गेलो. लांबून धनगर ओरडला, “मालक, दगुड नको! उभं ऱ्हावा, म्या आलोच.” मी थांबलो, तीही थांबली. त्याने हाकलल्यावर मी कळपाला लांबून वळसा घातला. आता मेंढरं दिसली की आधीच चालायला लागतो आणि लांबूनच हाक देतो.