ग्लायोमाचा अहवाल घेऊन डॉक्टरांना भेटण्यापूर्वी

मेंदूतील ग्लायोमाच्या (मेंदूच्या आधारपेशींपासून होणाऱ्या गाठीच्या) शस्त्रक्रियेनंतर पुढील वाटचालीविषयी विचारायला जाण्याआधी बायोप्सीचा संपूर्ण अहवाल हाताशी असावा आणि त्यातील जनुकीय चाचण्यांचे निकाल आलेले आहेत की त्यांपुढे 'प्रलंबित' असे लिहिले आहे, हे तपासून घ्यावे. निकाल प्रलंबित असतील, तर रोगाच्या भवितव्याविषयीचा प्रश्न त्या भेटीत विचारून फारसे हाती लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार ग्लायोमाच्या अनेक प्रकारांचे नावच जनुकीय खुणांवरून ठरते. सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य भासणाऱ्या गाठीत आयडीएच (IDH) जनुक मूळ रूपात, म्हणजे बदल न झालेले, असून टर्ट (TERT) जनुकाच्या प्रवर्तकात, म्हणजे जनुक चालू-बंद करणाऱ्या भागात, बदल, ईजीएफआर जनुकाच्या वाढलेल्या प्रती किंवा सातव्या गुणसूत्राची वाढ व दहाव्याची घट यांपैकी एखादी खूण आढळली, तर प्रौढ रुग्णात तिला चौथ्या, म्हणजे सर्वांत आक्रमक, श्रेणीची ग्लायोब्लास्टोमा म्हटले जाऊ शकते.

अहवाल वाचताना पहिली नजर आयडीएचवर जावी. त्यात बदल असलेल्या गाठींचे भवितव्य सामान्यतः अधिक चांगले असते आणि त्याच्या जोडीला पहिल्या व एकोणिसाव्या गुणसूत्रांचे १पी व १९क्यू हे दोन्ही भाग गळालेले असतील, तर ती ऑलिगोडेंड्रोग्लिओमा या प्रकारची गाठ ठरते. ऊतीला रंग देऊन केल्या जाणाऱ्या (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री) चाचणीत आयडीएचमधील केवळ आर१३२एच हा सर्वाधिक आढळणारा बदल दिसतो. म्हणून रुग्ण ५५ वर्षांखालील असून ती चाचणी नकारात्मक आली असेल, तर जनुकाचे अनुक्रमण (त्यातील अक्षरक्रम वाचण्याची चाचणी) झाले आहे का, हा प्रश्न टिपून ठेवावा. आयडीएच बदललेल्या अ‍ॅस्ट्रोसायटोमात (१पी व १९क्यू न गळालेल्या प्रकारात) सीडीकेएन२ए/बी या जनुकांच्या दोन्ही प्रती नाहीशा झालेल्या असल्यास श्रेणी चौथी होते, हेही पाहून ठेवावे.

ग्लायोब्लास्टोमा असेल, तर एमजीएमटी प्रवर्तकाच्या मेथिलेशनचा (जनुकावर रासायनिक खूण बसून ते बंद पडण्याचा) निकाल हवाच. हे जनुक पेशीला डीएनएची दुरुस्ती करू देते आणि ते मेथिलेशनने बंद पडले की टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधाचा घाव भरून निघत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रेडिएशनसोबत हे औषध घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान १४.६ महिने, तर केवळ रेडिएशन घेणाऱ्यांचे १२.१ महिने होते. औषध घेणाऱ्यांपैकी मेथिलेशन असलेल्यांमध्ये तोच आकडा २१.७ महिने होता. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगले, हे विसरू नये. त्या चाचणीत दोन्ही उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे १० टक्के पाच वर्षांनंतरही हयात होते.

प्रतिकारपेशींविषयी विचारायचे असल्यास अपेक्षा आवरत्या ठेवाव्यात. ग्लायोब्लास्टोमात मॅक्रोफेज आणि मेंदूतील मायक्रोग्लिया या प्रतिकारपेशी मोठ्या संख्येने असतात आणि त्यांतील अनेक गाठीच्याच बाजूने वागतात. गाठीवर हल्ला करू शकणाऱ्या टी-पेशी मात्र थोड्या व थकलेल्या असतात. आयडीएच बदललेल्या गाठीत तर टी-पेशी आणखी कमी आढळतात, आणि तरीही त्या रुग्णांचे भवितव्य बरे असते. त्यामुळे गाठीतील प्रतिकारपेशींची मोजणी सुटी वाचली तर दिशाभूल होते आणि ती अजून रोजच्या निर्णयांचा आधार झालेली नाही. पुन्हा उद्भवलेल्या ग्लायोब्लास्टोमात निव्होल्युमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाची बेव्हॅसिझुमॅब या दुसऱ्या औषधाशी तुलना झाली, तेव्हा एकूण आयुर्मानात त्याचा फायदा दिसला नव्हता.

रक्तातील न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या गुणोत्तरावरही संशोधन झाले आहे, परंतु सूज उतरवण्यासाठी दिलेले डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड न्यूट्रोफिल वाढवते आणि लिम्फोसाइट घटवते. म्हणून प्रत्येक रक्तचाचणीच्या तारखेपुढे त्या दिवशीचा स्टेरॉइडचा डोस आणि रेडिएशन किंवा टेमोझोलोमाइड सुरू होते का, हे लिहून न्यावे. ऊतीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेला नमुना) कोणत्या प्रयोगशाळेत आहे आणि पुढील चाचणीपुरती ऊती त्यात उरली आहे का, याचीही आधीच चौकशी करावी, कारण जनुकीय चाचणी नव्याने करायची ठरली तर सर्वप्रथम तोच मागवला जातो.