ब्रँड उभा करायचाय? लोगोची बैठक पुढे ढकला

नवा ब्रँड म्हटलं की पहिली बैठक लोगोवर होते आणि दुसरी रंगांवर. तिसरीपर्यंत बजेट संपत आलेलं असतं, आणि ग्राहकाला आपण नेमकं काय देणार हे वाक्य अजून कुणी लिहिलेलंच नसतं. क्रम उलटा करा. आपला ग्राहक कोण आणि आज तो कुणाकडून घेतो, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढचं लिहितो.

१. तक्रारी गोळा करा. मागच्या तीन महिन्यांतल्या तक्रारी, परत आलेला माल आणि रिफंडच्या नोंदी एका तक्त्यात आणा. धंदा नवा असेल तर स्पर्धकांचे तीन स्टारवाले रिव्ह्यू वाचा. पाच स्टारवाला नुसतं कौतुक करतो, एक स्टारवाला राग काढतो. तीन स्टारवाला नेमकं काय खटकलं ते सांगतो. जे सगळ्यात जास्त वेळा खटकतं, तिथे तुमच्या शब्दाला किंमत येते.

२. शब्द द्या. घोडं अडतं ते इथे, आणि बहुतेक सल्लागार नेमकी हीच पायरी उरकून टाकतात.

'दर्जा हीच आमची ओळख' हे वाक्य खोडा. 'ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय' हेही. तपासायची सोपी रीत म्हणजे वाक्य उलटं करून पाहणं. 'दर्जाशी आम्हाला देणंघेणं नाही' असं कुठलीच कंपनी म्हणणार नाही, म्हणजे सुलट वाक्यानेही ग्राहकाच्या हाती काही लागत नाही. दुसरी कसोटी याहून कडक आहे: शब्द मोडला तर ग्राहकाला तुम्हाला पकडता आलं पाहिजे. 'तत्पर सेवा' पकडता येत नाही. 'दुपारी १२ पर्यंतची ऑर्डर त्याच दिवशी रवाना' पकडता येते.

आता आकडा. इथे सरासरी घेऊ नका, कितीही मोह झाला तरी. शेवटच्या २०० ऑर्डरी घ्या, पोचायला लागलेल्या दिवसांप्रमाणे चढत्या क्रमाने लावा आणि १९०वी ऑर्डर पाहा. समजा सरासरी ३ दिवस निघाली आणि १९०वीला ६ दिवस लागले होते. तर शब्द ६ दिवसांचा, कारण शंभरातल्या ९५ ऑर्डरी तेवढ्यात पोचल्या होत्या. तीन दिवसांचा दिलात तर बऱ्याच लोकांना माल उशिराच मिळेल, आणि तो उशीर तुम्ही स्वतःच जाहीर केलेला असेल. सगळ्यात गर्दीच्या महिन्याचा हिशेब वेगळा करा. तिथला आकडा मोठा निघाला तर तोच धरा. मात्र भीतीपोटी सहाचे दहा करू नका, ग्राहक दुसरीकडे जाईल.

आकडा कुणाच्या जिवावर गाठायचा, हेही विचारा. डॉमिनोजने अमेरिकेत ३० मिनिटांत पिझ्झा पोचवण्याची हमी दिली होती. जाहिरात म्हणून ती गाजली, पण पोचवणाऱ्यांच्या अपघातांवरून खटले झाले आणि १९९३ मध्ये हमी गुंडाळावी लागली.

शेवटचा भाग भरपाईचा. शब्द मोडल्यावर कंपनीच्या खिशाला चाट बसत नसेल, तर लोकांनी तो खरा का मानावा? ह्युंदाईच्या गाड्यांबद्दल अमेरिकेत एकेकाळी फारसं बरं बोललं जात नसे. 'आता आमच्या गाड्या सुधारल्या' एवढं सांगून भागण्यासारखं नव्हतं. कंपनीने १९९८ मध्ये इंजिन आणि ट्रान्समिशनवर १० वर्षं किंवा १ लाख मैलांची वॉरंटी जाहीर केली. गाडी बिघडली तर भुर्दंड कंपनीला, हे जाहिरातीतच दिसत होतं.

भरपाई आपणहून द्या. ग्राहकाला चार फोन करून ती मागावी लागली, तर पैसेही जातात आणि नावही. समोर बसणाऱ्या कर्मचाऱ्याला ठरावीक रकमेपर्यंत साहेबांना न विचारता परतावा द्यायची मुभा हवी. अटींचं म्हणाल तर नियम एकच: जी अट वचनाशेजारी त्याच आकाराच्या अक्षरांत छापता येत नाही, ती काढा, काढता येत नसेल तर वचन बदला. फुली मारून तळाशी बारीक टाइपात लिहिलेलं लोक वाचत नाहीत, पण फसवणूक झाल्यावर नेमकं तेच त्यांच्या लक्षात राहतं. आणि हे वाक्य मार्केटिंगने एकट्याने ठरवू नये. गोदाम, कस्टमर केअर आणि हिशेब खातं, तिघांची सही घ्या.

३. नाव, लोगो, रंग. लोगो १६ पिक्सेलमध्ये (ब्राउझरच्या टॅबवरच्या चिन्हाएवढा) आणि नुसत्या काळ्यात ओळखू यावा, रंगांचे आरजीबी (स्क्रीनसाठी), सीएमवायके (छपाईसाठी) आणि पँटोन (ठरावीक शाईचे) क्रमांक लिहून ठेवावेत, मजकूर आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ : १ असावा. झालं.

४. सूर एक ठेवा. बिल, एसएमएस, रिफंडचा मेल, फोनवरची ध्वनिफीत, सगळं एकदा समोर मांडून वाचा. जाहिरात मित्रासारखी बोलते आणि रिफंडचा मेल म्हणतो, 'आपली विनंती विचाराधीन आहे.' त्याजागी असं लिहा: 'तुमचे पैसे कामकाजाच्या ५ दिवसांत त्याच कार्डावर जमा होतील. न झाल्यास या मेललाच उत्तर द्या.' आणि त्या उत्तराकडे बघायला माणूस ठेवा. 'या मेलला उत्तर देऊ नये' ही ओळ कुठे असेल तर आजच काढा.

५. कंटाळा आला म्हणून रूप बदलू नका. तुमची टीम तेच डिझाइन रोज पाहते, ग्राहक कधीमधी. ट्रॉपिकाना या फळांच्या रसाच्या ब्रँडने २००९ मध्ये अमेरिकेत संत्र्यात खोचलेल्या स्ट्रॉचं ओळखीचं चित्र खोक्यावरून काढलं; दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्के घसरली आणि जुनं खोकं परत आलं. लोकांना आपला नेहमीचा रस दुकानाच्या फळीवर सापडेनासा झाला होता. बदल करायचाच असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि लोक जिच्यावरून माल उचलतात तिला हात लावू नका.

६. चूक झाली की लपवू नका. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं, सात जण दगावले. भेसळ कारखान्यात झाली नव्हती, तरी ते औषध विकणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेतल्या आणि छेडछाड लगेच दिसेल अशा सीलबंद पॅकिंगमध्ये औषध पुन्हा आणलं. तुमचा प्रसंग लहान असेल, पण माफीनाम्याचा क्रम तोच: काय झालं, कुणाला फटका बसला, त्यांनी आत्ता काय करावं, पुढची माहिती किती वाजता मिळेल. 'गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत' यातलं 'असल्यास' आधी काढा. गैरसोय झालेली आहे.

७. मोजा. लाइक्स नकोत. पुन्हा खरेदी करणारे किती, तुमचं नाव टाकून शोधणारे किती आणि पहिल्या पायरीतली ती तक्रार कमी झाली का, एवढं बघा. २०० ऑर्डरींचा हिशेब दर तीन महिन्यांनी नव्याने करा. १९०वी ऑर्डर दिलेल्या मुदतीपलीकडे गेली असेल तर आधी जाहिरात थांबवा, उशिराचं कारण नंतर शोधा.