बटाटा मोठा आणि निरोगी हवा, तर आधी मातीखाली बघा

लागवडीला ३५ दिवस झाले की बटाट्याचं एक झाड उकरून बघा. खुरपं नको, बोटांनीच माती बाजूला करा. खोडाचा जो भाग मातीत गाडलेला असतो, त्यातून पांढरे दोरे आडवे निघालेले दिसतील, टोकाशी किंचित वाकलेले. त्या टोकावर हरभऱ्याएवढी गाठ धरलेली असते. तोच आपला बटाटा. तो मुळावर लागत नाही, जमिनीखालच्या फांदीवर लागतो, आणि बहुतेक बेण्याच्या, म्हणजे लावलेल्या बटाट्याच्या, वरच्या अंगाला लागतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की माती भुसभुशीत का हवी, खोडाला मातीची भर का लावायची, पाणी कधी चुकवायचं नाही, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

पुणे जिल्ह्यात सातगाव पठारावर खरिपातही बटाटा होतो. पण इथे मी रब्बीचा हंगाम धरून सांगतो, कारण आपल्याकडे बहुतेकांना तोच साधतो.

लावायचा कधी

ऑक्टोबरचा उकाडा ओसरू द्या. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा ही चांगली वेळ. रात्रीचं तापमान १५ ते २० अंशांच्या दरम्यान असलं की कंद धरतो. रात्री गरम राहिल्या तर पाला जोरात वाढतो आणि खाली काही भरत नाही. लागवड डिसेंबरात ढकलली की पोसण्याचे दिवस फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात जातात.

जमीन

मध्यम, निचऱ्याची जमीन. भारी काळ्या मातीत कंद वेडावाकडा होतो आणि काढताना चिखल चिकटून बसतो. नांगरट २० ते २५ सेंटिमीटर खोल करून ढेकळं फोडा. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला. कच्च्या शेणखताबरोबर हुमणी (जमिनीतली अळी) येते आणि सालीवर खरबरीत खपल्या धरण्याची भीतीही वाढते.

बेणं: इथे घाई नको

एका वर्षी मी स्वस्त मिळालं म्हणून बेणं घेतलं, सकाळी कापलं आणि दुपारी ओल्या सरीत लावून टाकलं. पंधरा दिवसांनी निम्म्या ओळी रिकाम्या. उकरलं तर फोडींचा नुसता आंबूस लगदा. तेव्हापासून बेण्याला मी पूर्ण दोन आठवडे देतो.

शीतगृहातून आणलेलं बेणं लगेच उन्हात ओतू नका. दहा-पंधरा दिवस सावलीत, अंधूक उजेड येईल अशा जागी एकेरी थरात पसरा. अंधारात मोड लांब, पांढरे आणि ठिसूळ येतात, हात लागताच तुटतात. उजेडात ते आखूड, जाड आणि हिरवट-जांभळे येतात. असेच मोड हवेत. आधी टोकाचा एकच डोळा फुटतो आणि बाकीच्यांना दाबून ठेवतो. तो खुडला की बाजूचे डोळे जागे होतात. मात्र खोडं जितकी जास्त, तितके बटाटे जास्त आणि आकाराने लहान, हेही लक्षात असू द्या.

३० ते ५० ग्रॅमचा अख्खा बटाटा सर्वांत उत्तम. कापायचाच झाला तर आडवा कापू नका, टोकापासून बुडाकडे उभा कापा, म्हणजे प्रत्येक फोडीला वरचे जोमदार डोळे मिळतात. फोड २५ ते ३० ग्रॅमपेक्षा लहान नको आणि तिला किमान दोन डोळे हवेत. कुजका बटाटा कापला गेला तर विळी निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्याला लावू नका. कापलेल्या फोडी सावलीत, ओलसर गोणपाटाखाली दोन-तीन दिवस ठेवा. कापलेली बाजू हाताला कोरडी, कातड्यासारखी लागली की लावा.

वाणांत कुफरी ज्योती, कुफरी पुखराज, कुफरी चंद्रमुखी ओळखीचे आहेत. उष्णता सोसायला कुफरी सूर्या. वाण कोणताही घ्या, बेणं प्रमाणित घ्या. घरचं बेणं वर्षानुवर्षं वापरलं की मावा या रस शोषणाऱ्या किडीने पसरलेले विषाणू त्यात साठत जातात आणि उत्पादन दरवर्षी घटत जातं.

लावणी आणि भर

दोन ओळींत ६० आणि दोन बेण्यांत २० सेंटिमीटर अंतर ठेवलं तर एकरी सुमारे ३३,७०० बेणी बसतात. ३० ग्रॅमची फोड धरली तर साधारण १० क्विंटल बेणं लागेल, त्या हिशेबाने आणा. वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना, ५ ते ७ सेंटिमीटर खोल लावा.

खताचा आकडा माती परीक्षणावरून ठरवा. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) लागवडीलाच द्या, नत्र (नायट्रोजन) निम्मं तेव्हा आणि उरलेलं भर लावताना. पालाशात हात आखडू नका. उशिरा युरिया टाकला तर पाला हिरवागार राहतो आणि साल पक्की व्हायला वेळ लागतो.

साधारण महिन्याने खुरपणी करून मातीची भर लावा. वरंबा रुंद आणि उंच हवा, टोकदार नको. पुढे भेगा पडून कंद उघडा पडला की तो हिरवा होतो आणि त्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढतं. त्याच भेगांतून पाकोळी (बटाटा पोखरणाऱ्या अळीचा पतंग) आत शिरते आणि कंदावर अंडी घालते. म्हणून भेग दिसली की मातीने बुजवा.

पाणी आणि करपा

गाठी धरण्यापासून पोसण्यापर्यंत ओल एकसारखी हवी. ताण देऊन एकदम भरपूर पाणी दिलं की कंद तडकतो, कधी आतून पोकळ निघतो. हलकं पाणी, जवळच्या पाळ्या. वरंब्याच्या वर पाणी चढू देऊ नका. ठिबक असेल तर उत्तम.

ढगाळ, दमट, गार हवा आली की रोज पानं उलटून बघा. खाली पांढुरकी बुरशी आणि वर पाणथळ काळपट डाग म्हणजे उशिरा येणारा करपा. १८४५ पासून आयर्लंडमधल्या दुष्काळाला कारण झाला तो हाच रोग, चार-आठ दिवसांत प्लॉट झोपवतो. मॅन्कोझेबसारखं बुरशीनाशक डाग दिसण्याआधीच मारायचं असतं.

काढणी

पाला पिवळा पडू लागला की पाणी तोडा. काढणीआधी आठ-दहा दिवस पाला जमिनीलगत कापा. मग एक बटाटा काढून अंगठ्याने जोरात घासा. साल सुटली तर आणखी थांबा. सुटली नाही तर काढा.

काढलेला माल उन्हात पडू देऊ नका. आरण, म्हणजे साठवणीचा झाकलेला ढीग, लावायची असेल तर झाडाच्या दाट सावलीत, उंचवट्यावर लावा. कापलेले आणि किडके बटाटे आधी वेचून काढा. आरण उसाच्या पाचटाने झाका, बटाट्याच्या पाल्याने कधीच नको, कारण पाकोळी त्या पाल्यातूनच ढिगात उतरते.