मांजराला गोळी कशी द्यावी, आणि नंतर पाणी का पाजावं

ज्या दवाखान्यातले डॉक्टर रजेवर असतात, तिथे मी त्यांच्या जागी बसते. कुठे दोन दिवस, कुठे महिनाभर. त्यामुळे दुसऱ्यांनी उपचार सुरू केलेली मांजरं माझ्याकडे बरीच येतात. निदान बरोबर असतं, औषधही बरोबर असतं, तरी मांजर बरं होत नाही. चौकशी केली की अनेकदा एकच गोष्ट निघते: गोळी पोटात गेलेलीच नसते. "डॉक्टर, रोज दिली हो!" असं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. मांजराने ती गालात धरून ठेवलेली असते आणि पाठ वळली की सोफ्यामागे थुंकलेली असते.

"गोळी कुटून दुधात घाला" हा सल्ला आधी सोडून द्या. बऱ्याच गोळ्या कडूजहर असतात. एक चाटण जिभेला लागलं की तोंडातून फेस येतो, आणि पुढचे कित्येक दिवस मांजर त्या वाटीजवळ फिरकत नाही. काही गोळ्यांवरचं आवरण मुद्दाम दिलेलं असतं, ते मोडायचं नसतं. डॉक्सीसायक्लिनसारखं औषध दुधातल्या कॅल्शियमला चिकटतं आणि अंगी कमी लागतं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळी कुटू नका.

खाण्यासोबत चालणारं औषध असेल तर मांजराच्या आवडीच्या ओल्या खाण्याचे तीन छोटे गोळे करा. पहिला नुसता, दुसऱ्यात औषध, तिसरा लगेच नाकासमोर. तिसऱ्याच्या ओढीने दुसरा पटकन गिळला जातो. हे जमलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

नाही जमलं, तर हाताने द्यायची. पाण्याने भरलेली, सुई काढलेली सिरिंज आधीच जवळ ठेवा. मांजर टेबलावर, त्याची पाठ तुमच्या पोटाला टेकलेली. पंजे मारत असेल तर टॉवेलात गुंडाळा. मानेची कातडी धरून लोंबकळवू नका. मोठ्या मांजराला त्याने भीती वाटते आणि दुसऱ्या दिवशी ते तुम्हाला सापडत नाही.

आता तोंड उघडणं. मी स्वतः इथेच कितीतरी महिने अडत होते. खालचा जबडा धरून ओढायचे, मांजर मागे सरकायचं, मी आणखी जोर लावायचे. मग एका अनुभवी मदतनीस बाईंनी माझा हात उचलून मांजराच्या डोक्यावर ठेवला. पकड वरून घ्यायची. तळवा डोक्याच्या माथ्यावर, अंगठा एका गालाच्या हाडावर, मधलं बोट दुसऱ्या गालाच्या हाडावर. मिशा दाबायच्या नाहीत. नाक छताकडे वळवलं की खालचा जबडा आपसूक सैल होतो. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत गोळी धरायची, आणि त्याच हाताच्या मधल्या बोटाने खालच्या दोन सुळ्यांमधले बारीक दात हलकेच खाली दाबायचे. सुळ्यांवर बोट ठेवू नका.

तोंड उघडल्यावर जीभ नीट बघा. मागे तिला एक उंचवटा असतो. गोळी त्या उंचवट्याच्या पलीकडे, मधोमध पडली पाहिजे. अलीकडे पडली तर जीभ तिला बाहेर ढकलते, बाजूला पडली तर दाताखाली फुटते आणि फेस येतो. गोळी टाका, तोंड मिटा आणि डोकं लगेच सरळ करा. मान मागे वाकवून ठेवली तर गिळणं अवघड जातं. मांजराने नाक चाटलं की समजा, गिळलं.

गिळलं, पण काम अजून झालेलं नाही. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकू शकते. पाच मिनिटं उलटली तरी ती तिथेच असू शकते, आणि मांजराकडे बघून काहीही कळत नाही. डॉक्सीसायक्लिन आणि क्लिंडामायसिन ही औषधं अशी अडकली तर अन्ननलिका आतून भाजते.

सुरुवातीच्या वर्षांत एका बोक्याला मी सर्दीवर डॉक्सीसायक्लिन लिहून दिलं आणि पाण्याबद्दल एक शब्द बोलले नाही. सर्दी गेली. पण काही दिवसांनी तो परत आला, खाल्लेलं सगळं जसंच्या तसं, नळीसारखं लांबट बाहेर टाकत. दुर्बिणीने पाहिलं तर अन्ननलिकेत जखम भरताना ती आक्रसली होती. ती रुंद करायला त्याला पुन्हा पुन्हा भूल द्यावी लागली. घरच्यांनी एकही गोळी चुकवली नव्हती. चूक माझी होती. तेव्हापासून मी पाण्याचं सांगितल्याशिवाय गोळीचं पाकीट हातात देत नाही.

तर, गोळीनंतर लगेच 5 ते 6 मिली पाणी. सिरिंजचं टोक सुळ्यामागच्या फटीतून गालात सारा आणि थोडं थोडं सोडा, प्रत्येक घोट गिळू द्या. डोकं सरळच हवं. घशात जोरात पिचकारी मारली तर पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. खाण्याला मनाई नसेल तर पाण्याऐवजी चमचाभर ओलं खाणंही चालतं. गोळीला लोणी चोळणं मात्र पाण्याची जागा घेत नाही.

दोनदा फसलं तर थांबा, तासाभराने बघा. गोळी दिल्यावर उलटी झाली तर परस्पर दुसरी देऊ नका, फोन करून विचारा. आणि मांजर दुखण्याने कळवळत असलं तरी घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. ती पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते. माणसाच्या एका गोळीने मांजर दगावू शकतं.

रोजची झटापट होत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पातळ औषध मिळू शकतं, काही संसर्गांवर दोन आठवडे पुरणारं इंजेक्शनही असतं. पण त्यासाठी खरा आकडा लागतो. पुढच्या खेपेला येताना उरलेल्या गोळ्या मोजा, सोफ्यामागे सापडलेल्यासुद्धा, आणि पाकिटासकट घेऊन या.